दिवा ग्रामपंचायतीचा, जमीन कलेक्टरची

नगर जिल्ह्यात राहुरीहून शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता सोनईतून जातो आणि सोनईचे निम्मे प्रश्न याच रस्त्याने गावात येतात. शिर्डीचं दर्शन आटोपलेल्या गाड्या राहुरीला वळतात त्या थेट शनिदेवाच्या चौथऱ्यापर्यंत. शनिवारी आणि शनी अमावास्येला त्यांची रांगच लागते. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की मुळा कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर त्यात भर घालतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजूंनी ऊस बाहेर आलेला आणि मागचा रिफ्लेक्टर उसाच्या पाचटात गडप. त्याच वेळी कॉलेज सुटलेलं असतं, कांद्याचा टेम्पो घोडेगावच्या मार्केटला निघालेला असतो आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याची नवी टपरी उभी राहिलेली असते. ही टपरी कुणाच्या परवानगीने, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : ग्रामपंचायतीला विचारा.

गावात काहीही झालं की माणूस आधी सरपंचाच्या दारात जातो. वस्तीवर चोरी झाली, शेतात कुणी प्लॉट पाडले, गायरानात भिंत उभी राहिली, रात्रीत बिबट्याने शेळी नेली, कशाहीसाठी. ज्याचा पत्ता माहीत आहे, ज्याच्या दारात चपला काढून बसता येतं असं त्याच्या ओळखीचं सरकार तेवढंच असतं. पण सुरक्षितता आणि जमिनीचा वापर या दोन विषयांत शेवटचा शब्द ग्रामपंचायतीचा नाही. जमिनीचा शब्द कलेक्टर कचेरीचा आणि नगररचना विभागाचा, सुरक्षिततेचा पोलीस ठाण्याचा. ग्रामपंचायतीकडे उरतात दिवे, गटारी, मुरूम, नमुना ८ चं रजिस्टर आणि ग्रामसभेचा ठराव. या तुटपुंज्या सामानावर सोनईसारखं मोठं बाजारगाव कसं चालतं, कुठे अडतं आणि हातात आहे तेवढं तरी वापरलं जातं का, ते पाहण्यासाठी हा आढावा.

आधी कायदा. आज ज्याला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात तो मूळचा १९५८ चा. त्याच्या कलम ४५ ला जोडलेली ग्रामसूची वाचली तर वाटतं, गावात पान हलायचं तर ग्रामपंचायतीच्या हुकमाने हलत असेल. दिवाबत्ती, पाणी, रस्ते, गटारी, बाजार, स्मशानभूमी, सगळं त्यात आहे. कलम ५२ मध्ये बांधकामावर नियंत्रण आहे, कलम ५३ मध्ये रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार आहे. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींना घटनेचं बळ मिळालं असं आपण प्रत्येक २४ एप्रिलला ऐकतो. पंचायतींसाठीच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत. शेती, लघुपाटबंधारे, ग्रामीण घरकुलं, रस्ते, प्राथमिक शिक्षण, बाजार वगैरे. त्यात जमीन-वापराचं नियोजन नाही. शहरांसाठीचं बारावं परिशिष्ट उघडा. १८ विषयांत पहिलाच नगर नियोजन आणि दुसरा जमिनीच्या वापराचं व इमारतींच्या बांधकामाचं नियमन.

घटनादुरुस्ती करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की गाव म्हणजे मधोमध गावठाण आणि भोवती शेत. तिथे कशाला हवं जमीन-वापराचं नियोजन? ज्या गावाला साखर कारखाना आहे, कॉलेजं आहेत, पोलीस ठाणं आहे, तीर्थक्षेत्राचा रस्ता आहे, त्या गावाचा विचार या दोन परिशिष्टांच्या फटीत पडला. नेवासा हे सोनईच्या तालुक्याचं ठिकाण, म्हणून ते नगरपंचायत झालं. सोनई व्यवहाराने निमशहरी असूनही ग्रामपंचायतच राहिली. गावाने काय मागायचं आणि कुणाकडे, हे या फरकाने ठरतं.

जमिनीचा प्रश्न जरा सावकाश पाहावा लागेल, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. गावठाणाच्या आतलं बांधकाम हा पूर्वीपासून ग्रामपंचायतीचा प्रांत. मधल्या काळात नगररचनेची कागदपत्रं त्यात घुसली आणि दोन खोल्या बांधायच्या तरी माणूस जिल्ह्याला खेटे घालू लागला. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. त्यानंतर २०२१ च्या सुरुवातीला तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ (ते त्या वेळी नगरचे पालकमंत्रीही होते) यांनी जाहीर केलं की गावठाणात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगी लागणार नाही, कागदपत्रं ग्रामपंचायतीत दाखल केली की झालं. आणि ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना विभागाकडे न जाता ग्रामपंचायतच दहा दिवसांत प्रमाणपत्र देईल. निर्णय चांगला. पण सोनईसारख्या गावात नवं घर आता गावठाणात बांधतो कोण? गावठाणात बांधायला जागाच उरलेली नाही. नवी घरं उठतात ती रस्त्याच्या कडेने, मळ्यात, गावठाणाच्या हद्दीबाहेर.

तिथे नियम वेगळे. महसूल अधिनियमात कलम ४२-ड आलं, त्याने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन बिनशेती करण्याची वाट सोपी केली. त्यापलीकडे प्रादेशिक योजनेत जमिनीला जो रंग दिलाय तो खरा. शेती म्हटलं असेल तर शेती. आणि त्यावर १९४७ चा तुकडेबंदी कायदा. २०२३ मध्ये बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं, तर २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारने एका गुंठ्यापर्यंतचे जुने व्यवहार नियमित करण्याची घोषणा केली. म्हणजे जे होऊ नये म्हणून कायदा होता ते इतकं झालं की शेवटी कायद्यालाच माघार घ्यावी लागली.

ते होतं कसं, ते एकदा जवळून बघा. वीस गुंठ्यांचा तुकडा, रस्त्याला लागून. मालक तोंडी नकाशा काढतो : मधोमध दहा फुटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना गुंठा-दीड गुंठ्याचे प्लॉट. खरेदीखत होत नाही, म्हणून नोटरीचं साठेखत होतं. सातबारावर नाव मूळ मालकाचंच राहतं. पैसे देणारा शिक्षक, कारखान्याचा कामगार, एसटीचा कंडक्टर किंवा शेतीतून बाहेर पडलेला धाकटा भाऊ असतो. दोन खोल्या उठतात आणि तो ग्रामपंचायतीत येऊन नमुना ८ ला नोंद लावून घेतो. हे आकारणीचं रजिस्टर, म्हणजे घरपट्टी कुणाकडून घ्यायची याची यादी. मालकीशी तिचा संबंध नाही. पण माणूस उतारा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो आणि घर आपल्या नावावर झालं असं समजतो. ग्रामपंचायतही नोंद लावते, कारण पट्टी येते आणि मतही येतं.

पाच-सात वर्षं गेली की बिंग फुटतं. गटार नाही म्हणून सांडपाणी त्या दहा फुटांच्या रस्त्यात. रस्ता काँक्रीटचा करा, पाइपलाइन टाका, खांब उभा करा, असा अर्ज येतो. पण रस्ता सातबारावर अजून मूळ मालकाचा, ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्याची नोंदच नाही, मग निधी टाकायचा कशावर? मूळ मालक वारला की त्याचा मुलगा त्याच रस्त्यावर काटेरी तार ओढतो आणि म्हणतो, बापाने तोंडी सोडला होता, मी नाही. भांडण पोलीस ठाण्यात जातं. घराला आग लागली तर जवळच्या कारखान्याचा किंवा नगरपालिकेचा बंब येतो, पण वळत नाही. बाळंतीण उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावी लागते. प्लॉट पाडताना वीस फुटांचा रस्ता सोडायला लावला असता तर पुढे पोलिसांचं, बंबाचं आणि रुग्णवाहिकेचं निम्मं काम वाचलं असतं. सुरक्षितता आणि बिनशेती ही दोन वेगळ्या टेबलांची कामं आहेत असं सरकारी फायली म्हणतात, त्या दहा फुटांच्या बोळात राहणारा माणूस म्हणत नाही.

मोजणी सुधारायचे प्रयत्न झालेत, नाही असं नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना म्हणून ती कल्पना देशभर नेली आणि घरमालकाला सनद, मिळकत पत्रिका मिळू लागली. गावठाणातल्या पिढीजात घरांवर आता कर्ज निघू शकतं. पण ड्रोन गावठाणाच्या हद्दीपर्यंतच उडतो. ज्या वस्त्यांमध्ये खरा गोंधळ आहे त्या हद्दीबाहेरच राहतात.

दुसरा दुखरा भाग गायरानाचा. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये शासन निर्णय काढला. मग काय झालं? २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली तेव्हा राज्यात गायरानांवर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणं असल्याचं समोर आलं. वर्षाअखेरपर्यंत काढा म्हटल्यावर गावागावांत नोटिसा गेल्या आणि मोर्चे निघाले. इथे दोन माणसं ‘अतिक्रमण’ या एकाच शब्दात कोंबली जातात. एक भूमिहीन, दोन पिढ्यांपासून पत्र्याच्या खोपटात राहणारा; दुसरा ज्याचं शेत गायरानाला लागून आहे आणि जो दर नांगरटीला बांध दोन फूट पुढे सरकवतो. पहिल्याला नोटीस लवकर मिळते.

ग्रामपंचायत अधिनियमात तरतूद आहे की सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला सदस्य राहता येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई खटल्यात सांगितलं की कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही हे लागू. हेतू उत्तम, वापर मात्र भलताच. निवडणूक हरलेला गट आधी विजयी सदस्याच्या ओट्याची मोजणी मागतो. कलेक्टरकडे अर्ज, आयुक्तांकडे अपील, मग खंडपीठ, आणि पाच वर्षं सरतात. अशाने अतिक्रमण हा विषय ग्रामपंचायतीच्या बैठकीत कुणी काढतच नाही, कारण प्रत्येकाच्या घराचा एखादा कोपरा कुठेतरी बाहेर आलेला असतो.

आता सुरक्षितता. गावाकडे जुनी यंत्रणा म्हणजे १९६७ च्या कायद्याने आलेला पोलीस पाटील. २०२४ मध्ये त्याचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. त्याने गावाच्या खबरी पोलीस ठाण्याला द्यायच्या. त्याच्या जोडीला ग्रामसुरक्षा दल, म्हणजे शिट्टी, बॅटरी, काठी घेऊन रात्री फिरणारी पोरं. चोऱ्यांची लाट आली की दल जागं होतं, महिनाभर गस्त होते, मग पोरांची कांद्याची लागवड सुरू होते आणि गस्त बंद पडते. नगर जिल्ह्यात लोक शेतात वस्ती करून राहतात, वस्ती ते वस्ती अंतर असतं, तिथे गस्तीच्या शिट्टीचा आवाज पोचत नाही. वस्तीवरचा दरोडा ही इथली खरी भीती.

त्यावर ग्रामसुरक्षा यंत्रणा नावाची एक साधी युक्ती बरी ठरली आहे. एका टोल फ्री क्रमांकावर फोन करायचा, आणि बोललेलं नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर त्याच आवाजात एकाच वेळी ऐकू जातं. चोर, आग, हरवलेलं मूल, बिबट्या, सगळ्याला चालतं. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावच्या सुरक्षिततेसाठी झालेलं हे सगळ्यात उपयोगी काम आहे, आणि सगळ्यात कमी फोटो याचेच निघतात. फोटो सीसीटीव्हीचे निघतात. चौकात खांब, चार कॅमेरे, उद्घाटन. वर्षभराने मॉनिटर बंद, कारण देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरलेलाच नसतो.

खरं तर ग्रामपंचायतीच्या हातातलं सगळ्यात जुनं सुरक्षा-साधन म्हणजे रस्त्यावरचा दिवा. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात थकबाकीपोटी महावितरणने राज्यभर गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली आणि कित्येक गावं अंधारात गेली. बिल कुणी भरायचं यावर वाद झाला. सरकारने सांगितलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरा. त्या पैशातला मोठा हिस्सा आधीच पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. म्हणजे उरलेल्या थोड्या मोकळ्या पैशातून आधी वीजबिल, मग बाकीचं. विकास आराखड्यात कितीही रंग भरा, पैशाचा हिशेब असा सुटतो.

बिबट्याचं या भागातलं प्रकरण वेगळंच आहे. मुळा उजव्या कालव्याने पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला घर दिलं. याच जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जंगल नसलेल्या शेतीच्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले. त्यांचंच जुन्नरचं काम सांगतं की एका ठिकाणी पकडून दुसरीकडे सोडल्याने माणसांवरचे हल्ले वाढले. तरीही ग्रामसभेत मागणी एकच : पिंजरा लावा. पिंजरा वनखात्याचा, त्यामुळे मागायला सोपा. गावाबाहेरचा कोंबड्यांचा कचरा उचलणं, त्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांचं बघणं, वस्तीच्या वाटेवर दिवा लावणं, ही ग्रामपंचायतीची कामं; ती मात्र कुणी ओरडून मागत नाही.

शेतकऱ्याला रात्री दोन वाजता याच उसात पाणी भरायला जावं लागतं ते थ्री फेजची वीज रात्री येते म्हणून. दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमीन, म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान, प्रकल्पाला दिली जाते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. आता पाहा, गायरान, बिबट्या, रात्रीची वीज आणि ग्रामपंचायतीचं उत्पन्न एकाच ठरावात आले. तो ठराव मंजूर करताना गुरं चारणाऱ्या धनगराला आणि गायरानात राहणाऱ्या कुटुंबांना कुणी विचारलं का, त्यावर त्या गावाचं नियोजन किती खरं ते कळतं. माझं मत प्रकल्पाच्या बाजूचं आहे, पण गायरानाचा नकाशा भिंतीवर लावल्याशिवाय तो ठराव होऊ नये.

शेजारच्या शिंगणापूरची ख्याती बिनदाराच्या घरांची. २०११ मध्ये तिथे युको बँकेने बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा देशभर बातमी झाली. २०१५ मध्ये तिथे स्वतंत्र पोलीस ठाणं झालं, त्याची बातमी त्या मानाने छोटी. श्रद्धा आपल्या जागी. रोज हजारो परकी माणसं येणाऱ्या गावाला पोलीस लागतातच. भाविकांची तक्रार चोरीपेक्षा लटकूंची जास्त. गाडीला लटकून, आडवं येऊन, अमुक पार्किंगला चला, तमुक दुकानातून पूजेचं ताट घ्या, असं करणाऱ्या पोरांना या भागात लटकू म्हणतात. त्यांचा वावर राहुरी-सोनई रस्त्यापर्यंत असतो. पोलीस पकडतात, दंड होतो, दुसऱ्या दिवशी पोरगं पुन्हा रस्त्यावर. ज्या दुकानदाराकडून त्याला कमिशन मिळतं तो गल्ल्यावरच बसलेला असतो. इथे पोलिसांपेक्षा ग्रामपंचायत जास्त करू शकते. रस्त्याकडेच्या शेतातलं पत्र्याचं दुकान, तिथली पार्किंगची जागा, त्याची घरपट्टी आणि ना-हरकत दाखला ही सगळी ग्रामपंचायतीच्या दप्तरातली कागदं आहेत. लटकू ठेवणाऱ्या दुकानाला दाखला नाही, एवढा ठराव रस्त्यावरच्या सगळ्या ग्रामपंचायतींनी एकत्र केला तर फरक पडेल. एकट्या गावाने केला तर दुकान हद्द ओलांडून पुढच्या गावात जाईल, इतकंच.

गावातल्या सुरक्षिततेबद्दल लिहिताना सोनईचं नाव घ्यायचं आणि २०१३ टाळायचं हे बरोबर होणार नाही. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सोनईच्या शिवारात मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. मागे आंतरजातीय प्रेमसंबंधाचा राग होता. खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. गावाची सगळी यंत्रणा बाहेरून येणाऱ्या चोराकडे तोंड करून उभी असते. शिट्टी, कॅमेरा, फोन, सगळं परक्यासाठी. आपल्यातला माणूस आपल्यातल्या दुर्बळावर उठतो तेव्हा ती काही करत नाही. अॅट्रॉसिटी कायद्याखालची दक्षता समिती जिल्ह्याला असते, उपविभागाला असते, गावाला नसते. गावाला असते तंटामुक्ती समिती. आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केलेल्या मोहिमेने बांधाची, वाटणीची हजारो भांडणं कोर्टाबाहेर मिटवली, हे तिचं श्रेय. पण मिटवा म्हणणाऱ्या समितीपुढे गावातला सगळ्यात कमजोर माणूस काय बोलणार? गावातल्या अशा तक्रारी तंटामुक्तीकडे न जाता थेट ठाण्यात गेल्या पाहिजेत, हे ग्रामसभेने स्वतः ठरवायला हवं.

हंगामात गावात आणखी एक वस्ती उठते, जिची नोंद नमुना ८ मध्ये नसते आणि मतदार यादीतही नसते. ऊसतोड कामगारांच्या कोप्या. पाथर्डी, शेवगाव, बीडकडून आलेली ही माणसं सहा महिने याच हद्दीत राहतात. त्यांच्या तळावर दिवा, पाणी, शौचालय कोण देणार? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना, ग्रामपंचायत म्हणते ते आमचे रहिवासी नाहीत. पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईची मुलं कोपीत एकटी, आणि फडात बिबट्या. खरं तर गावच्या हद्दीत सगळ्यात जास्त धोक्यात तीच असतात.

आदर्श म्हणून नगर जिल्ह्यात लगेच हिवरे बाजारचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, बाहेरच्याला जमीन विकणं बंद असे ठराव केले आणि पाळले. जमीन-वापराचं असं नियोजन राज्यातल्या कुठल्याही प्रादेशिक योजनेने केलेलं नाही. पण हिवरे बाजार सव्वा-दीड हजार वस्तीचं गाव. तिथला ठराव पाळला जातो कारण मोडणारा रोज समोर भेटतो. बाजाराच्या गावात, जिथे दुकानदार एका गावचा, भाडेकरू दुसऱ्या गावचा आणि जागामालक पुण्यात, तिथे नुसत्या नैतिक दबावावर बोअर बंद होत नाही. त्यासाठी अधिकार लागतो. हिवरे बाजारचा फोटो लावून सोनईला नावं ठेवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

अधिकार दिले तर काय होतं, हे इतर राज्यांत दिसतं. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत पंचायतींना नियोजनाचा पैसा दिला, तिथे पंचायतींसाठी स्वतंत्र बांधकाम नियम आहेत आणि परवाना पंचायतच देते. तिथली पंचायत आकाराने आपल्या पाच-सहा गावांएवढी आणि कर्मचारी पुरेसे, हेही खरं. गोव्यात २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियानाने रान उठवलं, सरकारला तो मागे घ्यावा लागला आणि पुढच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावांची मतं घेतली गेली. नंतर २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून एकेका भूखंडाचा वापर बदलण्याची वाट उघडली, त्यावर पुन्हा ग्रामसभा पेटल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. गोव्याचा धडा असा की आराखडा गावाला विचारून केला तरी तो राखायला दर रविवारी ग्रामसभेत जाऊन बसावं लागतं.

आपल्याकडे ग्रामसभेत बसतं कोण? गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती. सोनईएवढ्या गावात १०० माणसं जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग तहकूब सभेत ओटीवर बसलेली वीस माणसं गावाचं वर्षभराचं भविष्य मंजूर करतात. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, यावर राज्याने २०१७, २०२० आणि २०२२ मध्ये तीनदा मत बदललं. तहकूब सभेच्या नियमाला कुणी हात लावला नाही. वर २०२२ पासून काही वर्षं जिल्हा परिषद आणि पंचायत समितीवर प्रशासक, म्हणजे वरचा लोकप्रतिनिधीही गायब. ग्रामसेवकाचं नाव २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झालं, तलाठी ग्राममहसूल अधिकारी झाला. पाट्या बदलल्या, एका अधिकाऱ्याकडची गावं कमी झाली असती तर जास्त उपयोग झाला असता.

म्हणून माझं म्हणणं असं. सोनई, घोडेगाव यांसारख्या बाजारगावांना नगरपंचायतीची वाट बघत न ठेवता त्यांच्या हद्दीपुरता विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने द्यावा आणि त्यासोबत नगररचनेचा एक तरी माणूस पाच-सहा गावांच्या गटाला द्यावा. ही मागणी सरकारकडे, आणि ती मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर ग्रामपंचायतीला आजही कुणाची परवानगी न घेता करता येतील अशा गोष्टी आहेत. रस्ता किती फुटांचा सोडला हे पाहिल्याशिवाय नव्या प्लॉटवरच्या घराची नमुना ८ ला नोंद न लावणं. उताऱ्यावर ठळक छापणं की हा मालकीचा पुरावा नाही. गायरानाचे गट नंबर आणि क्षेत्र कार्यालयाच्या भिंतीवर रंगवणं. कॅमेऱ्याआधी वस्तीच्या वाटेवरचा दिवा, आणि हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याला व मुकादमांना बोलावून कोप्यांचा तळ कुठे, पाणी कुणाचं, हे लेखी ठरवणं.

या यादीतली सगळ्यात अवघड गोष्ट पहिली. गुंठ्याने प्लॉट पाडणारा बहुधा कुणाचा तरी मामा असतो आणि विकत घेणारा कुणाचा तरी जावई. तेव्हा वाचकहो, तुमच्या गावची पुढची ग्रामसभा तहकूब होऊ देऊ नका. शंभरातले एक व्हा, नमुना ८ चं रजिस्टर आणि गायरानाचे गट नंबर मागा, आणि जे वाचून दाखवतील ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.